मशीन उघडण्याआधी मायक्रोमीटर तपासा: छोट्या युनिटसाठी गेज आर अँड आर

कस्टमरकडून शाफ्ट परत आले, सोबत चिठ्ठी की डाया ओव्हरसाइज, आणि आपल्या फाइलमध्ये त्याच लॉटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट अगदी स्वच्छ, सगळं ओके. साकीनाका घ्या, अंधेरी एमआयडीसी घ्या, भांडुपचे गाळे घ्या, मशिनिंगचं काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. मग मालक ऑपरेटरवर ओरडतो, ऑपरेटर म्हणतो व्हील खराब आहे, मेंटेनन्सवाला म्हणतो स्पिंडलला प्ले आलाय, आणि दोन दिवस मशीन खोलून ठेवतात. ज्याने मोजलं ते साधन आणि ज्याने मोजलं तो माणूस, हे दोघं मिळून आकडा बरोबर देतायत का, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, अहो कॅलिब्रेशन झालंय ना, सर्टिफिकेट आहे की.

सर्टिफिकेट खोटं नसतं. पण ते एवढंच सांगतं की त्या दिवशी, लॅबच्या एसी खोलीत, त्यांच्या माणसाने स्लिप गेजवर हा मायक्रोमीटर लावला तेव्हा एरर इतकी होती. तुमच्या गाळ्यात पत्र्याखाली, तेलाच्या हाताने, रात्रपाळी संपत आलेली असताना, गाडी पकडायची घाई असताना तोच मायक्रोमीटर काय दाखवतो ते त्या कागदावर कुठेच नाही. ते शोधायचं काम म्हणजे मेझरमेंट सिस्टिम अॅनालिसिस, सगळे एमएसए म्हणतात. ऑटोचं काम करत असाल तर आयएटीएफ १६९४९ या ऑटो उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये ते सक्तीचंच आहे, कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कशाने, किती वेळा तपासायचं त्याचा तक्ता) लिहिलेल्या प्रत्येक प्रकारच्या मोजणीसाठी. पद्धत आणि आकडे बहुतेक सगळे एआयएजी या अमेरिकन ऑटो उद्योगाच्या संस्थेच्या एमएसए मॅन्युअलमधून घेतात, २०१० ची चौथी आवृत्ती. मी खाली तीच पद्धत सांगतोय, फक्त ऑडिटसाठी नाही तर खरंच उपयोग व्हावा म्हणून कशी करायची ते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. रिक्षाचा मीटर फास्ट असेल तर कुर्ला स्टेशन ते साकीनाका रोज तेवढेच पैसे जास्त पडतात, हा झाला बायस. आणि तोच मीटर त्याच रिकाम्या रस्त्यावर एक दिवस कमी, एक दिवस जास्त दाखवत असेल तर ती रिपीटॅबिलिटीची बोंब. बायस कॅलिब्रेशनमध्ये सापडतो, झिरो सेट करून बऱ्याचदा मिटतोही. दुसरी भानगड मिटत नाही, कारण ती साधनात, पकडण्यात, पीसमध्ये, हातात अशी सगळीकडे पसरलेली असते. त्यात माणूस बदलला की आकडा बदलतो, ती रिप्रोड्युसिबिलिटी. या दोघी मिळून गेज आर अँड आर, म्हणजे जीआरआर.

स्टडी सुरू करण्याआधी लीस्ट काउंट, म्हणजे साधन वाचू शकतं ते सगळ्यात छोटं माप, बघा. ढोबळ नियम असा की साधनाचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक हवा. ड्रॉइंगवर टॉलरन्स ०.०४० मिमी आहे आणि तुम्ही ०.०१ वाला साधा मायक्रोमीटर वापरताय तर पुढे काही करूच नका, आधी ०.००१ वाला आणा. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर शंभर दुकानं आहेत, पण बॉक्सवर मोठ्या ब्रँडचं नाव छापलंय म्हणून आतला माल तोच असेल असं धरून चालू नका, बिल घ्या आणि वापरायच्या आधी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेट करून घ्या. आणि व्हर्निअर कॅलिपरने ग्राइंडिंगचा डाया मोजणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार.

आता पीस निवडणं. सगळ्यात जास्त गडबड इथे होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा पीस घ्यायचे, पण एका ट्रेमधून सलग उचललेले दहा नाही. वेगवेगळ्या दिवसांचे, दोन्ही शिफ्टचे, ग्राइंडिंग व्हील ड्रेस केल्यानंतरचे (म्हणजे त्याला परत धार काढल्यानंतरचे) आणि ड्रेसिंगच्या आधीचे, म्हणजे तुमची प्रोसेस जेवढी हलते तेवढी त्या दहा पीसमध्ये दिसली पाहिजे. कारण जीआरआरची टक्केवारी निघते ती एकूण व्हेरिएशनच्या तुलनेत. सगळे पीस एकसारखे घेतले तर चांगलं साधनही नापास होतं. उलट कुणी हुशारी करून मुद्दाम दोन स्क्रॅप पीस, एक फार जाड आणि एक फार बारीक, आत घुसवले तर भंगार साधनही पास. फाइलमध्ये ४ टक्के, ५ टक्के अशी सुंदर जीआरआर दिसली की मी आधी पीसची रेंज बघतो, टॉलरन्सपेक्षा रेंज मोठी असेल तर समजायचं काय झालंय ते.

माणसं तीन, आणि तीही रोज मोजणारी. क्वालिटी इंजिनिअरने स्वतः, शांतपणे, छान हाताने मोजून स्टडी पूर्ण केली तर ती त्याच्या हाताची परीक्षा झाली, तुमच्या लाइनची नाही. प्रत्येकाने दहाही पीस तीन वेळा मोजायचे, म्हणजे एकूण ९० रीडिंग. क्रम दर वेळी उलटापालटा. पीसवर नंबर असा टाका की मोजणाऱ्याला दिसणार नाही, फेसवर मार्करने लिहून टोपी लावली तरी चालेल. रीडिंग लिहिणारा वेगळा माणूस हवा, मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा आणि विसरायचा. हे जरा पोरकट वाटतं, पण मागचा आकडा समोर दिसत असला की माणूस नकळत तसाच आकडा काढतो, थिंबल थोडं अजून फिरवतो, मुद्दाम नाही करत तो, आपण सगळे तसेच. आणि सुरुवातीलाच सांगा की ही परीक्षा साधनाची आहे, कुणाचा ओव्हरटाइम यावर कापला जाणार नाही, नाहीतर सगळे त्या दिवशी देवासारखे मोजतील आणि दुसऱ्या दिवसापासून परत होतं तसं.

आणखी एक. पहिल्या स्टडीत मोजायची जागा मार्क करू नका, रोज जसं मोजतात तसंच मोजू द्या. नंतर वाटलं तर पीसवर खूण करून, ठराविक जागी, दुसरी स्टडी घ्या. दोघींच्या आकड्यात मोठा फरक पडला तर तो फरक साधनाचा नाही, पीसच्या आकाराचा आहे, टेपर किंवा ओव्हॅलिटी. या एका गोष्टीने पुष्कळ भांडणं मिटतात.

तापमानाबद्दल थोडं, कारण मुंबईत हा विषय निघतोच. मोजमापाचं स्टँडर्ड तापमान २० अंश सेल्सिअस, आणि आपल्या गाळ्यात मे महिन्यात ३५. लोक घाबरतात की मग सगळंच चुकीचं. तसं नाही. पीस स्टीलचा, मायक्रोमीटर स्टीलचा, दोघं एकाच तापमानाला असतील तर दोघं जवळपास सारखेच फुगतात आणि फरक बराचसा मिटतो. त्रास होतो तो दोघांची तापमानं वेगळी असतात तेव्हा. स्टील एका मीटरला एका अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी) वाढतं, म्हणजे २० मिमी डायाला अंशामागे ०.२३ मायक्रॉन. ऐकायला काहीच नाही, पण मशीनवरून उतरलेला पीस ६० अंशाचा आणि मायक्रोमीटर ३० चा असेल तर जवळपास ७ मायक्रॉन गेले, ४० च्या टॉलरन्समध्ये ७. म्हणून पीस आणि मायक्रोमीटर एकाच सरफेस प्लेटवर ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग मोजा. मायक्रोमीटर खिशात ठेवून फिरणाऱ्या ऑपरेटरलाही हेच सांगा, फ्रेमवर ते प्लास्टिकचं पॅड हाताची उष्णता लागू नये म्हणूनच दिलेलं असतं. अॅल्युमिनियमचे पीस असतील तर मात्र ही सूट नाही, ते स्टीलच्या दुप्पट वाढतं, तिथे २० अंशाला आणून मोजा नाहीतर हिशोब करून करेक्शन लावा.

आता गणित. समजा शाफ्टचा डाया २० मिमी, टॉलरन्स ०.०४०, म्हणजे ४० मायक्रॉन. ९० रीडिंग झाली. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक पीसच्या तीन रीडिंगमधला मोठ्यात मोठा वजा लहानात लहान, ही रेंज. माणूसवार सरासरी रेंज काढली, पहिल्याची २.२ मायक्रॉन, दुसऱ्याची २.६, तिसऱ्याची ४.२. तिघांची सरासरी ३.०. तिघांच्या एकूण सरासरीत जास्तीत जास्त फरक ३.६ मायक्रॉन, तिसरा वर आहे. आणि दहा पीसच्या सरासऱ्यांची रेंज १८.५.

ईव्ही, म्हणजे साधनाचं व्हेरिएशन = ३.० × ०.५९०८ = १.७७
एव्ही, म्हणजे माणसांचं = (३.६ × ०.५२३१) चा वर्ग, वजा ईव्हीचा वर्ग भागिले ३०, त्याचं वर्गमूळ = १.८६
जीआरआर = दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ = २.५७
पीव्ही, म्हणजे पीसचं = १८.५ × ०.३१४६ = ५.८२
एकूण = जीआरआर आणि पीव्ही, परत तसंच = ६.३६
जीआरआर टक्के = २.५७ भागिले ६.३६ = ४० टक्के

०.५९०८ हा तीन ट्रायलचा फॅक्टर, दोन ट्रायल घेतल्या तर ०.८८६२. ०.५२३१ तीन माणसांसाठी, दोन असतील तर ०.७०७१. ०.३१४६ दहा पीससाठी. ३० म्हणजे दहा पीस गुणिले तीन ट्रायल. एक्सेलमध्ये एकदा बसवून ठेवा, परत हात लावायची गरज नाही.

१० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० चालवून घ्यायचं का ते कामावर आणि कस्टमरवर अवलंबून, ३० च्या वर नापास. म्हणजे आपला ४० नापास. दुसरी खूण एनडीसी, १.४१ गुणिले पीव्ही भागिले जीआरआर, इथे येतात ३.२, दशांश सोडून ३. हवे किमान ५. याचा अर्थ ही सिस्टिम दहा पीसना फक्त तीन गटांत वेगळं करू शकते, लहान, मधला, मोठा, बस. टॉलरन्सच्या तुलनेतही काढून बघा, ६ गुणिले २.५७ भागिले ४०, येतात साधारण ३८.५ टक्के. दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये द्या, एकच दिला की शंका येते.

टक्क्यांची एक गंमत लक्षात ठेवा. जीआरआर ४० टक्के म्हणून पीस ६० टक्के असं नसतं, इथे पीसचे ९१.५ टक्के येतात. कारण ही स्टँडर्ड डेव्हिएशन आहेत, यांचे वर्ग बेरजेत बसतात, हे स्वतः नाही. वर्गांच्या हिशोबात आपली जीआरआर १६ टक्के येते. काही सॉफ्टवेअर दोन्ही कॉलम शेजारी शेजारी देतात, आणि मग कुणीतरी १६ वाला आकडा उचलून ३० च्या आत आहे म्हणून पास लिहितो. वर्गांच्या कॉलमला लिमिट वेगळी, १ आणि ९ टक्के.

नापास झालं म्हणून लगेच नवीन साधनाचं कोटेशन मागवू नका. आकडे काय बोलतायत ते बघा. ईव्ही फार मोठा आणि एव्ही छोटा असेल तर दोष साधनात, पकडण्यात, किंवा पीसच्या आकारात. एव्ही मोठा तर पद्धतीत. इथे दोघं सारखेच आहेत, पण माणूसवार बघितलं तर तिसऱ्याची रेंज पहिल्याच्या जवळपास दुप्पट आणि सरासरीही वर. थिंबल दाबून घट्ट करणाऱ्याचा डाया कमी येतो. याचा जास्त येतोय, म्हणजे पीस अॅन्व्हिलमध्ये तिरका बसतोय किंवा ग्राइंडिंगचा गाळ पुसलेला नाही. त्याच्या शेजारी जाऊन दहा मिनिटं उभे राहा, काही बोलू नका. एका हातात पीस, एका हातात मायक्रोमीटर, कूलंट टपकतंय, हे दिसेलच.

उपाय महाग नसतो. मायक्रोमीटर स्टँडमध्ये लावा म्हणजे दोन्ही हात पीसला मिळतात. अॅन्व्हिलमध्ये स्वच्छ कागद हलकेच धरून ओढून घ्या, तोंडं साफ होतात. रॅचेटचे तीन क्लिक, ना दोन ना पाच, सगळ्यांना तेच. शिफ्टच्या सुरुवातीला झिरो आणि एक सेटिंग मास्टर. पावसाळ्यात मास्टर आणि स्लिप गेज गंजतात, वापरून झालं की पुसून तेलाचा हात लावून डब्यात, हे मराठीत लिहून टेबलावर चिकटवा, सोबत फोटो. इंग्लिशमधली एसओपी फाइलमध्ये राहू दे, ती ऑडिटरसाठी आहे.

मग परत ९० रीडिंग, तेच पीस, तीच माणसं. समजा आता सरासरी रेंज १.२ आली, माणसांमधला फरक ०.९, पीसची रेंज १८.२. जीआरआर ०.८४ मायक्रॉन, १४.५ टक्के, एनडीसी ९. १० ते ३० च्या मधल्या पट्ट्यात आहे, पण या शाफ्टला पुरतं. कस्टमरला कळवून, त्याचं हो लेखी घेऊन पुढे जा.

याने परत आलेल्या शाफ्टचं काय झालं ते आता समजतं. आधी जीआरआर २.५७ होती, तीन सिग्मा (म्हणजे तीन स्टँडर्ड डेव्हिएशन) धरले तर लिमिटच्या दोन्ही बाजूंना ७.७ मायक्रॉनचा पट्टा असा की तिथला पीस आज ओके, उद्या रिजेक्ट, आपण म्हणू पास आणि कस्टमर म्हणेल फेल, दोघंही प्रामाणिक. आता तो पट्टा अडीच मायक्रॉनवर आला. जोपर्यंत हा पट्टा आहे तोपर्यंत आपली आतली लिमिट तेवढी आत ओढून घ्या, वरून अडीच, खालून अडीच, आणि ऑपरेटरच्या कार्डावर हीच लिमिट लिहा.

आता प्रोसेस. इथे लोकांची एक अपेक्षा असते की मोजणी सुधारली की सीपी, म्हणजे टॉलरन्स भागिले प्रोसेसचे सहा सिग्मा, एकदम वर जाईल. जात नाही फार. आपल्या उदाहरणात एकूण ६.३६ धरून सीपी १.०५ येतो, आणि नुसतं पीसचं ५.८२ धरलं तरी १.१५. म्हणजे मशीन खरंच तेवढंच हलतंय, मोजणी फक्त थोडी धूळ टाकत होती. मोठा फायदा दुसरीकडे आहे. सेंटरलेस ग्राइंडिंगवर ऑपरेटर पीस मोजतो, ४ मायक्रॉन वर दिसला की लगेच ४ खाली ऑफसेट देतो, म्हणजे मशीनची सेटिंग तेवढी हलवतो, पुढचा खाली दिसला की वर. तो ४ मायक्रॉन पीसचा होता की मायक्रोमीटरचा, कुणास ठाऊक. स्थिर असलेल्या प्रोसेसला प्रत्येक पीसमागे असं करेक्शन दिलं तर व्हेरिअन्स दुप्पट होतो, म्हणजे सिग्मा १.४१ पट. हे क्वालिटीचा गुरू डेमिंग फनेल आणि गोटी घेऊन लोकांना दाखवायचा, ज्याला पटत नसेल त्याने घरी करून बघावं. मेहनती ऑपरेटर, सतत लक्ष ठेवणारा, आणि तोच प्रोसेस बिघडवतोय.

त्यामुळे जीआरआर ठीक झाल्यावर पहिलं काम म्हणजे ऑफसेटला हात लावायचा नियम. ठराविक वेळाने सलग पाच पीस मोजा, सरासरी आणि रेंज चार्टवर टाका, पॉइंट कंट्रोल लिमिटच्या बाहेर गेला किंवा सरासरी एकाच बाजूला सरकत चालली तरच ऑफसेट. सरकणं व्हील झिजल्यामुळे असतं, ते चार्टवर उतारासारखं स्पष्ट दिसतं, मग ड्रेसिंग किती पीसनंतर करायचं हे अंदाजाने नाही तर चार्टवरून ठरतं. शूहार्टने हा चार्ट १९२४ मध्ये काढला, शंभर वर्षं झाली, आणि अजून आपण तो ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरतो.

एवढं सगळं करूनही शाफ्ट परत आले तर? सेंटरलेसवाल्यांनी एक गोष्ट नक्की तपासा. या प्रोसेसमध्ये कधी कधी पीस तीन कोपऱ्यांचा होतो, डोळ्याला गोल, पण खरं तर तीन फुगीर बाजू. मायक्रोमीटर दोन बिंदूंमध्ये मोजतो आणि अशा आकाराचा दोन बिंदूंमधला डाया सगळीकडे सारखाच येतो, कितीही फिरवा. तुमची जीआरआर उत्तम, तिघांचे आकडे सारखे, आणि कस्टमरच्या रिंग गेजमध्ये पीस जात नाही. जीआरआर हे कधीच पकडणार नाही, कारण तिघंही एकच चुकीची गोष्ट अचूक मोजतायत. ६० अंशाच्या व्ही ब्लॉकमध्ये पीस ठेवा, वर डायल लावा, फिरवा, सुई नाचली तर समजलं. मग मशीनवर वर्क रेस्टची उंची आणि ब्लेडचा अँगल बघायचा, आता मशीनला हात लावायला हरकत नाही. आणि कस्टमर कशाने मोजतो हे विचारा, फोन करून विचारा, त्यात कमीपणा नाही.

गो-नो गो गेज आणि डोळ्याने बघायचे डिफेक्ट, यांची स्टडी वेगळी. ५० पीस घ्या, त्यात चांगले, वाईट आणि मुद्दाम काठावरचे, तीन माणसं, तीन वेळा, उत्तर फक्त पास की फेल. खरं उत्तर आधी कुणीतरी अचूक मोजून ठेवलेलं हवं. मग कप्पा (उत्तरं एकमेकांशी आणि खऱ्या उत्तराशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा, ०.७५ च्या वर चांगला, ०.४० च्या खाली वाईट. पण मी त्यापेक्षा एकच आकडा आधी बघतो, खराब पीसला किती वेळा पास म्हटलं गेलं. तो २ टक्क्यांच्या वर असेल तर कप्पा कितीही छान असो, कस्टमरकडे माल चाललाय. चांगल्याला फेल म्हटलं तर आपलं नुकसान, ते ५ टक्क्यांपर्यंत सहन होतं. डोळ्याच्या तपासणीत निम्मा प्रश्न उजेडाचा असतो, गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात एक ट्यूबलाइट आणि त्याखाली स्क्रॅच शोधायला बसवलेला माणूस, त्याची काय स्टडी घेणार, आधी लाइट लावा.

परत कधी करायची? वर्षातून एकदा असं कंट्रोल प्लॅनमध्ये लिहितात, ठीक आहे, पण नवीन माणूस मोजायला बसला, साधन रिपेअर होऊन आलं, ड्रॉइंगची टॉलरन्स घट्ट झाली किंवा कस्टमरचे आणि आपले आकडे जुळेनासे झाले तर तारीख न बघता करा. आणि जुन्या दहा पीसचा सेट फेकू नका, तेल लावून, नंबर टाकून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. महिन्यातून एकदा त्यातला एक पीस पाच वेळा मोजून तारखेसह लिहून ठेवलं तर स्टॅबिलिटीचा चार्ट आपोआप तयार होतो, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.